सव्वीस जागा आणि एक दिवस: बेसबॉलचे संघ तयार पोराला का थांबवतात?

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्या शहरांत एक वाद हमखास रंगतो. कोट्यवधी डॉलर घेणारा, एकेकाळी मैदान गाजवलेला पस्तिशीपुढचा खेळाडू रोज हात हलवत परत येतोय. आणि खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत विशीतला एक पोरगा चेंडू कुंपणापार भिरकावतोय. मग थोरल्याला बसवून पोराला वर का आणत नाहीत? तिकडे राहणाऱ्या, मुलांच्या नादाने बेसबॉल बघायला लागलेल्या मराठी घरांतही हा प्रश्न पडतो. बाहेरून बघणाऱ्याला उत्तर इतकं उघड दिसतं की संघाचे मालक आंधळे आहेत की काय, असं वाटावं.

ते आंधळे नसतात. कधीकधी मात्र लबाड असतात. हा फरक कळायला आधी जागांचं गणित समजून घ्यावं लागतं.

ताटावरचे २६ आणि रेशनकार्डावरचे ४०

मेजर लीग म्हणजे सर्वोच्च पातळीवरचे ३० संघ. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगचे चार मुख्य संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. खेळाडू या पायऱ्या चढत वर येतो. ट्रिपल-ए म्हणजे उंबरठा.

मेजर लीगच्या सामन्याला एका वेळी २६ जण उपलब्ध असतात. यातले चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर, जास्तीत जास्त १३ ठेवता येतात आणि बहुतेक संघ तेवढे ठेवतातच. उरले १३. त्यातले नऊ रोज फलंदाजी करतात. बाकावर राहिले चार, आणि त्यातला एक राखीव कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) असावाच लागतो, कारण ते काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळ्या जागा तीन! सूर हरवलेल्या दिग्गजाला ‘असू दे बाकावर’ म्हणणं किती महाग पडतं ते इथे कळतं.

या २६ जणांभोवती ४० जणांची एक मोठी यादी असते. २६ हे आज ताटावर बसलेले, तर ४० हे रेशनकार्डावर नाव असलेले. ज्याचं नाव ४० मध्ये नाही त्याला थेट ताटावर बसवता येत नाही. आधी कार्डावर नाव चढवायचं, आणि कार्ड भरलेलं असेल तर कुणाचं तरी कमी करायचं. शिवाय मायनरमध्ये चार-पाच वर्षं झालेल्या खेळाडूचं नाव वेळेत ४० मध्ये घातलं नाही, तर डिसेंबरमधल्या एका निवडीत दुसरा संघ त्याला एक लाख डॉलर भरून उचलून नेऊ शकतो. आंध्र प्रदेशातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांचा मुलगा अर्जुन निम्मला याला टोरांटो ब्लू जेजने २०२३ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत विसाव्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याच्याबाबतीत हा काटा २०२७ च्या हिवाळ्यात येऊन थांबतो. तोवर संघाला घाई नाही.

खाली कुणाला पाठवता येतं?

सगळी मेख इथे आहे.

४० मध्ये नाव असलेल्या तरुणाला संघ त्याची परवानगी न घेता मायनरला पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. या मुभेला ‘ऑप्शन’ म्हणतात. ती साधारण तीन हंगाम वापरता येते. एका हंगामात त्याला कितीही वेळा हलवा, ऑप्शन एकच खर्ची पडतो. २०२२ पासून फक्त एवढं बंधन आलं की एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येणार नाही. म्हणजे पोराला महिनाभर खाली ठेवलं तरी संघाच्या हातून काही जात नाही. तो तिथेच असतो, खेळत असतो, आणि फोन केला की पुढच्या विमानाने येतो.

ज्याची मेजर लीगमध्ये पाच वर्षं भरली आहेत, त्याला मात्र त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवता येत नाही. त्याची जागा हवी असेल तर एकच वाट उरते: त्याला ४० च्या यादीतून काढायचं. त्यानंतर संघाला सात दिवस मिळतात. तेवढ्यात त्याला दुसऱ्या संघाला द्या, नाहीतर मोकळं करा. मोकळं केलं तरी कराराचे उरलेले पैसे द्यावेच लागतात. त्याला दुसऱ्या कुणी घेतलं तर त्या नव्या संघाने फक्त किमान वेतनाचा उरलेल्या दिवसांचा वाटा द्यायचा. बाकी सगळा भार जुन्या मालकावर.

एक निर्णय उद्या फिरवता येतो, दुसरा कधीच फिरवता येत नाही. तुम्ही-आम्हीही असंच वागतो. भाड्याचं घर बदलताना आठवडाभर विचार करतो आणि वडिलोपार्जित घर विकताना दहा वर्षं. संघ थोरल्याला एक महिना जास्त देतो याचं अर्धं कारण हेच आहे, आणि हे अर्धं कारण मला प्रामाणिक वाटतं.

एकाच संघाचे दोन निर्णय

२७ एप्रिल २०१२. लॉस एंजेलिस एंजल्स हा संघ २० पैकी १४ सामने हरला होता. आदल्या हिवाळ्यात त्यांनी त्या काळातला सर्वांत मोठा फलंदाज, अ‍ॅल्बर्ट पुहोल्स, दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन आणला होता. त्या एप्रिलमध्ये पुहोल्सने एकही होमरन (थेट कुंपणापार जाणारा फटका) मारला नाही. सरासरी .२१७. (बेसबॉलची सरासरी सोपी आहे: फलंदाजीच्या दहा खेपांत तीन यशस्वी फटके म्हणजे .३००, आणि तेवढं जमलं तर खेळाडू उत्तम समजला जातो.)

त्याच संघात ३८ वर्षांचा बॉबी अब्रेयू होता. व्हेनेझुएलाचा, मोठ्या कारकिर्दीचा. त्या महिन्यात तो २४ खेपांत पाच फटके मारून होता, सरासरी .२०८. त्याचे त्या वर्षाचे ९० लाख डॉलर ठरलेले होते.

आकडे जवळपास सारखे. एंजल्सने अब्रेयूला त्या रात्री मोकळं केलं आणि ट्रिपल-ए सॉल्ट लेकहून २० वर्षांच्या माइक ट्राउटला बोलावलं. ट्राउट आदल्या वर्षी ४० सामने वर खेळून .२२० अशी साधारण कामगिरी करून गेला होता. वसंतातल्या सराव शिबिरात तो आजारी पडला, म्हणून हंगामाची सुरुवात खालून झाली. तिथे २० सामन्यांत त्याची सरासरी होती .४०३.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी ट्राउटने .३२६ सरासरी, ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस (बेस म्हणजे मैदानावरचे थांबे; फटक्याशिवाय धावून पुढचा गाठला की तो चोरला म्हणतात) अशी कामगिरी केली आणि तो वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. तो आल्यापासून एंजल्सने ८३ सामने जिंकले, ५९ हरले. तरी बाद फेरी हुकली: एकूण ८९ विजय झाले, आणि वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गटविजेत्यांखेरीज उरलेल्यांसाठीच्या, दोन्ही जागा ९३ विजयवाल्यांनी नेल्या. चार सामन्यांचं अंतर. ट्राउटविना गेलेल्या त्या २० सामन्यांचा मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा हळहळ वाटते.

पण पुहोल्सला त्याच संघाने ठेवलं, आणि तेही बरोबरच होतं. ६ मे २०१२ रोजी त्याचा एंजल्ससाठी पहिला होमरन आला. हंगाम संपला तेव्हा त्याचे ३० होमरन झाले होते.

एप्रिलचे आकडे खोटं बोलतात

‘महिनाभर अपयशी ठरलाय, अजून काय पुरावा हवा?’ हा आक्षेप सगळ्यात जोरात येतो.

आंब्याच्या पेटीतले वरचे तीन आंबे नासके निघाले म्हणून पेटी फेकायची का? महिनाभरात नियमित फलंदाजाच्या जेमतेम शंभर खेपा होतात. समजा एखाद्याची खरी कुवत .२७० आहे, म्हणजे शंभरात २७ फटके. संभाव्यतेचं साधं गणित मांडलं, तर अशा सहा-सात फलंदाजांतला एक, कौशल्यात कणभरही घट झालेली नसताना, केवळ दैवाच्या फेऱ्यात २२ किंवा त्याहून कमी फटक्यांवर अडकतो. चेंडू कडक मारला आणि नेमका क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला, असं चार-पाच वेळा झालं की बास. आणि हा नियम खालच्या पोरालाही लागू आहे. २० सामन्यांत .४०० मारणारा प्रत्येक जण ट्राउट नसतो.

म्हणून जाणते लोक सरासरीच्या आधी दुसरी चिन्हं बघतात. बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो? वेगवान चेंडूला बॅट उशिरा पोहोचतेय का? पूर्वी जे चेंडू तो सोडून द्यायचा, त्यांच्यामागे आता धावतोय का? २०१५ पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर यंत्रं यातलं बरंच काही मोजतात. नशीब फिरलेलं असेल तर ही चिन्हं शाबूत राहतात. वय झालेलं असेल तर तीच आधी ढासळतात.

‘पैसे तर गेलेच, मग खेळवायचं कशाला?’

हे म्हणणं शंभर टक्के योग्य आहे, आणि संघ नेमके इथेच चुकतात. थाळीचे पैसे आधी भरले म्हणून पोट बिघडेपर्यंत जेवत राहण्यात शहाणपण नाही. करार झाला की ते डॉलर गेले. खेळाडू खेळला तरी द्यायचे, घरी बसला तरी द्यायचे. आता प्रश्न फक्त त्या जागेवर कोण जास्त उपयोगी पडेल एवढाच असायला हवा.

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने होजे अब्रेयूला (हा क्यूबाचा, बॉबीशी नातं नाही) तीन वर्षांसाठी ५ कोटी ८५ लाख डॉलर दिले होते. तो २०२० चा त्याच्या लीगचा (मेजर लीगमध्ये अशा दोन असतात) सर्वोत्तम खेळाडू. २०२४ च्या एप्रिलअखेर त्याची सरासरी .०९९ होती, दहा खेपांत एकही धड फटका नाही. त्याने स्वतः संमती दिली आणि ३७ व्या वर्षी सूर शोधायला तो खाली गेला. इतकं नाव कमावलेला माणूस शिकाऊ पोरांच्या मैदानावर पुन्हा सरावाला उभा राहतो, याला मी मोठेपणा मानतो. जूनमध्ये .१२४ वर असताना त्याला मोकळं केलं, पुढच्या अख्ख्या वर्षाचे १ कोटी ९५ लाख डॉलर देणं असतानाही. तो खाली गेला तेव्हा त्याची जागा मिळाली जोई लोपरफिडोला, ज्याने ट्रिपल-एमध्ये २५ सामन्यांत १३ होमरन मारले होते. जुलैअखेर एका पिचरच्या बदल्यात ह्यूस्टनने त्यालाही टोरांटोला देऊन टाकलं.

मग संघ का थांबतात? एक भीती असते: सोडलेला माणूस दुसरीकडे जाऊन चमकला तर. ही भीती अगदीच पोकळ नाही. ६ मे २०२१ रोजी, पहिल्या होमरनला बरोबर नऊ वर्षं झाली त्या दिवशी, एंजल्सने पुहोल्सला यादीतून काढलं. वय ४१, सरासरी .१९८, कराराचं शेवटचं वर्ष. पहिल्या बेसवर जॅरेड वॉल्श आला, जो खेळाडूंच्या निवडीत थेट ३९ व्या फेरीत एंजल्सनेच उचललेला. वॉल्श त्याच वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. आणि पुहोल्स? २०२२ मध्ये सेंट लुइस या जुन्या घरी परतून त्याने २४ होमरन मारले आणि ७०३ वर कारकीर्द थांबवली. तोवर वॉल्शला दुखापतीने गाठलं होतं. २०२३ मध्ये तो पुन्हा सॉल्ट लेकला होता.

एंजल्सचा २०२१ चा निर्णय चुकला का? मला नाही वाटत. त्या मे महिन्यात हाती असलेल्या माहितीवर तो बरोबर होता. पुढे काय होईल हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं.

एक दिवस कमी पडला म्हणून

आता लबाडीकडे येऊ.

मेजर लीगमध्ये खेळाडूला सुरुवातीची जवळपास तीन वर्षं किमान वेतनाच्या आसपासच मिळतं. त्यानंतर लवादापुढे पगार मागता येतो. सहा वर्षं भरली की तो मुक्त होतो, हव्या त्या संघाशी बोली लावतो, आणि खरा पैसा तेव्हा हाती येतो. हंगाम साधारण १८५ दिवसांचा असतो, पण १७२ दिवस यादीत राहिलं की ‘वर्ष’ भरलं असं धरतात. कॉलेजातल्या हजेरीसारखंच. फरक इतकाच की इथे विद्यार्थ्याला वर्गात येऊ द्यायचं की नाही हे ठरवणारा, त्याच्या गैरहजेरीतून फायदा मिळवणारा असतो.

क्रिस ब्रायंट २०१५ च्या सराव सामन्यांत नऊ होमरन मारून बसला होता. आदल्या वर्षी मायनरमध्ये ४३. शिकागो कब्जने त्याला सुरुवातीला खाली धाडलं. कारण दिलं क्षेत्ररक्षण सुधारण्याचं. १७ एप्रिलला वर बोलावलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले १७१.

एक दिवस कमी. त्या एका दिवसाने त्याची मुक्तता २०२० वरून २०२१ च्या अखेरीवर गेली. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच २०१६ मध्ये कब्जने १०८ वर्षांनी जगज्जेतेपद जिंकलं. खेळाडू संघटनेची तक्रार २०२० च्या सुरुवातीला निकाली निघाली, ब्रायंटच्या विरोधात. नियमाच्या अक्षराला धक्का लागला नव्हता. पण ज्या नियमात पोराच्या आयुष्यातलं एक वर्ष बारा दिवसांच्या ‘सरावात’ गिळता येतं, तो नियम मला अन्यायाचाच वाटतो. आणि नुकसान एकट्या ब्रायंटचं नव्हतं. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकालाही त्या दिवसांत दुय्यम खेळाडू बघावा लागला.

खालचं जगणं कसं असतं तेही बघा. मायनरच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३ मध्ये झाला. त्यानंतरही ट्रिपल-एचं किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर. मेजर लीगचं त्याच वर्षी ७,२०,०००. वीसपट. ‘अजून थोडं शिकू दे’ या वाक्याची किंमत पोर भरत असतं.

पण खाली चमकला म्हणजे वर चालेलच ना?

नाही. उंबरठ्याच्या आतले पिचर वेगळे असतात.

जॅक्सन हॉलिडे २०२२ च्या निवडीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. बाल्टिमोरने त्याला १० एप्रिल २०२४ रोजी वर आणलं. ३४ खेपांत दोन फटके, १८ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडूला नीट न भिडताच बाद. दोन आठवड्यांत परत खाली. जुलैअखेर पुन्हा वर आला आणि पहिल्याच सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला.

अ‍ॅरन जजची गोष्ट मला त्याहून जवळची. १२ ऑगस्ट २०१६ रोजी न्यूयॉर्क यँकीजसाठी दिग्गज अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ शेवटचा खेळला. करार बाकी असतानाच त्याला निरोप दिला गेला. दुसऱ्या दिवशी जज आला आणि पहिल्याच खेपेत होमरन. नंतर मात्र ८४ खेपांत ४२ स्ट्राइकआउट, सरासरी .१७९. त्या सप्टेंबरात ‘हा उंच पोरगा चालायचा नाही’ म्हणणं फार सोपं होतं. पुढच्या वर्षी त्याने ५२ होमरन मारले, २०२२ मध्ये ६२.

म्हणजे थोरल्याला हवा तेवढाच धीर धाकट्यालाही लागतो. म्हाताऱ्याला काढून पोराला आणायचं आणि पंधरा दिवसांत पोरालाही परत धाडायचं, यात दोघंही हातचे जातात.

क्रिकेटहून हे वेगळं कसं?

२०२५ च्या जानेवारीत रोहित शर्मा सिडनीच्या कसोटीत स्वतःहून बाहेर बसला आणि नंतर मुंबईकडून रणजी सामना खेळला, तेव्हा आपल्याकडेही असाच वाद झडला. पण रणजी संघ भारतीय संघाच्या मालकीचा नसतो, आणि निवड समितीला खेळाडूच्या पुढच्या सहा वर्षांच्या किमतीचा विचार करावा लागत नाही. बेसबॉलमध्ये थोरला, धाकटा आणि दोघांच्या मधली शिडी हे सगळं एकाच मालकाच्या हातात.

२०२२ नंतर काय सुधारलं

ब्रायंटचं प्रकरण खेळाडूंच्या मनात सलत राहिलं. मार्च २०२२ च्या नव्या करारात त्यावर दोन उपाय आले. सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या मतदानात पहिला किंवा दुसरा आला, तर दिवस कितीही असोत, त्याचं पूर्ण वर्ष धरायचं. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मे रोजी पहिल्यांदा खेळला, सर्वोत्तम ठरला आणि त्याला अख्खं वर्ष मिळालं. दुसरा उपाय संघासाठी: नावाजलेल्या पोराला सुरुवातीपासून वर ठेवलं आणि त्याने असा मोठा मान मिळवला, तर संघाला पुढच्या निवडीत एक जादा खेळाडू मिळतो. हूलिओ रॉड्रिगेझला २०२२ च्या पहिल्या दिवसापासून खेळवणाऱ्या सिएटलला तो मिळाला.

यातून पहिल्या पाच-दहा गुणवंतांचं भलं झालं. बाकीच्यांसाठी १७२ चा आकडा होता तिथेच आहे. हा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. पुढच्या वाटाघाटींत मालक आणि खेळाडू बऱ्याच मोठ्या रकमांवर भांडतील. मला मात्र त्यात या दिवसांच्या हिशेबाकडे लक्ष ठेवायचं आहे. रोज मोजावं, जितके दिवस तितकं श्रेय, असा साधा नियम करायला काय हरकत आहे?

आणि ब्रायंट

मुक्त झाल्यावर मार्च २०२२ मध्ये त्याने कोलोराडो रॉकीजशी सात वर्षांचा, १८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. तोवर तो तिशीत आला होता. पाठीने आणि पायाने साथ सोडली. पहिल्या चार हंगामांत संघाचे ६४८ सामने झाले. ब्रायंट त्यातले दोनशेही खेळू शकला नाही. २०१५ मध्ये ज्याला जागा असून बसवून ठेवलं, तोच आता चाहत्यांच्या वादात ‘महागडा थोरला’ झाला आहे, आणि त्याच्या जागी कोणत्या पोराला खेळवावं यावर डेन्व्हरमध्ये चर्चा होते. करार २०२८ पर्यंतचा आहे.